प्यो मान्सूचं डोकं

"मानतोस का त्या येसूला?" हाकिमाने दरडावलं. त्याची खोटी मिशी एका बाजूने सुटली होती, पण हुकमत शाबूत होती. एरवी तो गावात लाँड्री चालवतो.

म्हातारा प्यो मान्सू हात मागे बांधून गुडघ्यांवर बसला होता. चर्चच्या अंगणात चटयांवर सगळं गाव. हुतात्म्यांच्या महिन्यात हे नाटक होतंच, आणि पात्रंही ठरलेली. ज्यांच्या पूर्वजांनी मान दिली, त्यांचे वारस हुतात्मे. मान्सूचे खापरपणजोबा "नाही मानत" म्हणाले आणि रात्रीच्या जेवणाला घरी पोचले. तेव्हापासून ते वाक्य प्यो घराण्याकडे. वाक्य म्हणायचं आणि खाली मान घालून चटयांमधून निघून जायचं. पोरं मागून "पळाला, पळाला!" ओरडतात. यंदा ओरडायला त्याची नात पहिल्या रांगेत बसली होती.

"मानतोस का?" उत्तर लांबलं म्हणून हाकिमाने पुन्हा विचारलं.

"मानतो."

"काका, 'नाही' राहिलं!" बाजूला उभ्या दिग्दर्शिका ताकबाई कुजबुजल्या. त्या पहिल्या हुतात्म्याच्या खापरपणती.

"राहिलं नाही, बाई. गिळलं."

हाकिम खाली वाकला. "अहो, जा ना गुपचूप घरी. आत सूप निवतंय."

"तू हाकिम आहेस की आचारी? नीट विचार."

हाकिमाने चिडून विचारलं.

"मानतो!" हे बाहेर रस्त्यावरही ऐकू गेलं. मागच्या चटईवरून कुणीतरी "ओल्सू!" अशी दाद दिली, आणि मग सगळं अंगणच "ओल्सू!" करू लागलं.

आता मारणं भाग होतं. पण जल्लाद झालेल्याने पुठ्ठ्याची तलवार खाली घेतली. "मारतो हो, पण खाली ठेवू काय? कागदी डोकी हुतात्म्यांपुरतीच केलीत."

मान्सूची बायको हात झग्यालाच पुसत स्वयंपाकघरातून आली. काखेत खिरीसाठी आणलेला पिवळाधम्मक भोपळा.

"हे घ्या. आमच्याच परसातलं आहे. आणि मानेवर जरा जपून, खरंच दुखते त्यांची."

तलवार फिरली. मान्सू असा पडला की आधीचे सगळे हुतात्मे फिके वाटले. इतकी वर्षं त्याने पाहिलं होतंच की.

"मेले! माझे आजोबा मेले!" नात उड्या मारत ओरडली.

जल्लादाने भोपळा कागदी डोक्यांच्या रांगेच्या टोकाला, जरा अंतर राखून ठेवला. ताकबाई तरातरा पुढे आल्या.

त्यांनी आपल्या पूर्वजाचं डोकं दोन्ही हातांनी उचललं, थोडं सरकवलं, आणि भोपळ्याला शेजारी जागा करून दिली.