वळणावरचं पाणी

रस्ता वल्ला व्हता.

शिवतेजला ते कळलं तवा गाडी एकशेवीसच्या म्होरं पळत व्हती आन् वळण आलंच व्हतं. सबंध डोंगरात पाण्याचा थेंब न्हाई, टाचा बुडतील एवढी धूळ, आन् हितंच, त्याच्या सोताच्या गावच्या वळणावर, चिखुल.

"डावीकडं वळण, कोरडं, रेस सोडू नको," शेजारी बसून धवल वळणांची वही वाचत व्हता. वही दोघांनीच दोन दिवसामागं लिवलेली. त्याचं वाचून व्हायच्या आत गाडीचं बूड फिरलं. उजव्या अंगाला घळ. शिवतेजनं स्टेरिंग उलटं मारलं, ब्रेक सोडला, परत दाबला. गाडी एक गिरकी घेऊन उसाच्या बांधाला पाठ लावून बंद पडली.

आतापतूर तो निस्त्या धवलच्या आवाजावर चालवत आला व्हता. तीन मिन्टांच्या फरकानं गाड्या सुटायच्या, पर वारं पडलेलं, म्होरल्या गाडीची धूळ खाली बसतच नव्हती. हितं मातर समदं लख्ख दिसत व्हतं. घळ, बांध, आन् उसातनं रस्त्याकडं तोंड करून उभी असल्याली रेनगन. फटफट पाणी फेकत व्हती.

इंजिन तिसऱ्या झटक्याला पेटलं. बावीस सेकंद गेली.

आशिया खंडाच्या शर्यतीतली वर्षाची ही पयली फेरी. मालकानं आधीच सांगितलं व्हतं, पयल्या तिघांत आलास तर म्होरल्या पाची देशांत गाडी तुझी, न्हाईतर दुसरा ड्रायव्हर तयार हाय. सकाळपास्नं शिवतेज दुसरा व्हता. शेवटची रेघ वलांडली तवा चौथा. तिसऱ्याच्या मागं नऊ सेकंद.

त्यानं तक्रार केली. पंचानं ऐकून घेतलं आन् कागद म्होरं सरकवला.

"शेतातलं पाणी आपसूक आलं असेल तर काही करता येत नाही. कुणी मुद्दाम सोडलं असेल तर तुमची वाया गेलेली वेळ परत मिळेल. पण माणसाचं नाव लिहून द्या. त्याच्याकडं पोलीस बघतील. अर्धा तास आहे."

रेनगन कुणाची, ते शिवतेजला कुणाला इचारायचं कारण नव्हतं. ऊस त्याच्या बापाचा व्हता.

बाप, भाऊसो, लष्करात ट्रकावर व्हते. त्यांचा बाप पलटणीत, ते पलटणीत, आन् पोरगं निघालं शर्यती पळवाय. "स्टेरिंगला हात लावू नगंस. तुझ्या हातनं कुनाचा तरी जीव जाईल," असं भर दारात म्हनले व्हते. तवापास्नं बापलेकाचं बोलणं 'जेवलास का'च्या म्होरं गेलं न्हाई. आन् आज म्होरली गाडी कोरड्यातनं गेली, शिवतेजची यायची व्हती, मधल्या तीन मिन्टांत बापानं पोराच्याच वाटंला पाणी सोडलं.

शिवतेजनं कुणाची तरी मोटरसायकल घेतली. मागं धवल कागद घेऊन बसला. त्याच्या कपाळाला हे मोठं टेंगूळ आलेलं.

"तुझ्या वडिलांचा राग तुझ्यावर, मान्य आहे," धवल म्हनला. "मी काय केलंय? घरी विश्रामबागेत आई माझ्या फोटोला हार घालून बसली असती."

शिवतेजनं मनात ठरवलंतं. नाव लिवायचं. एकदा तोंडावर इचारायचं आन् लिवायचं. जाऊ दे पोलीस दारात.

भाऊसो हिरीच्या काठावर आखडलेला पाय लांब करून बसले व्हते. मोटर बंद व्हती.

"आबा, पाणी तुमी सोडलं?"

"व्हय."

"माझ्याच गाडीला?"

"म्होरली गेली तसं बटण दाबलं. रेनगनचं तोंड आदुगरच रस्त्याकडं फिरवून ठिवलंतं."

एवढ्या बिनघोर आवाजात सांगितलं, की शिवतेजचा आवाज चढला. "कशापायी? मी जिंकलेलं बघवत न्हाई व्हय तुमास्नी?"

भाऊसोंनी गुडघा चोळला.

"वाळवंटात आमची गाड्यांची रांग चालल्याली," ते म्हनले. "म्होरल्या ट्रकाची धूळ. वारं न्हाई. वळण हाय हे मला दिसलंच न्हाई रं. माझा पाय मोडला. शेजारी अर्जुना बसला व्हता, नकाशा घेऊन. त्यो घरी आला न्हाई."

बापाचा पाय शिडीवरनं पडून मोडला, असंच शिवतेजनं लहानपणापास्नं ऐकलेलं. घरात समद्यांनी तसंच ऐकलेलं.

"हितं दोनी अंगाला ऊस. खाली घळ. सकाळपास्नं बघतुया, धूळ बसंना. म्हनलं, तुझ्या येळंला तरी बसवावी. वल्ल्यात तुमची गाडी घसरती, हे म्या म्हाताऱ्याला काय ठावं? आमचा ट्रक घसरत नव्हता." मग त्यांनी पयल्यांदाच धवलकडं बघितलं. त्याचं टेंगूळ बघितलं आन् नदर परत पोराकडं आणली.

"तुझ्या शेजारचा गडी बरा हाय न्हवं?"

धवलनं घड्याळ बघितलं, कागद गुडघ्यावर ठिवला, पेनाचं टोपण काढलं.

"सात मिनिटं राहिलीत," तो हळू म्हनला. "नाव काय लिहू?"

शिवतेजनं वळणाकडं बघितलं. चिखुल सुकाय लागला व्हता.

"माझं लिही. वळणाला लय जोरात आलतो म्हनावं."