मापाड्याचा हात

"वरची माती कोरडी झालीय, आप्पा," म्हणत सून तांब्या घेऊन स्नेक प्लांटपाशी वाकली.

"थांब! दोन झाडं अशीच पाणी घालून कुजवलीस." बाजार समितीत चाळीस वर्षं मापाडी असलेल्या सासऱ्यांनी कुंडी हातांवर तोलली. "तळाशी पावशेर पाणी आहे. आठवडाभर तांब्या दाखवू नकोस."

इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून त्या हातांना कुणी विचारलं नव्हतं. तिनं मात्र ऐकलं.

दिवाळीपर्यंत झाडाला चार नवी पानं आली. शेजारणी आपली पिवळी झाडं घेऊन दारात हजर. "ओल मोजायचं मशीन आणलंस का गं?"

"मशीन कशाला? आमचे आप्पा आहेत!"

आप्पांनी बाह्या सारल्या, पहिली कुंडी उचलली आणि बाजारात पहिल्या मापाला 'एक' न म्हणता देत तशी खणखणीत आरोळी दिली, "लाभ!"