फुगवटा उतरेपर्यंत

"फावडं खाली ठेव, क्लिफ."

क्लिफने ठेवलं नाही. व्हरांड्याच्या पायरीवर उभा राहून तो काचेच्या पेटीकडे बघत राहिला. पेटीत मार्जोरी उताणी पसरली होती. आठ फुटांची मादी अजगर, पिवळसर पोट छताकडे केलेलं. आणि अंगाच्या मधोमध, जरा शेपटीच्या बाजूला, हा एवढा फुगवटा.

"तो बिस्किट आहे," क्लिफ म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "माझ्या ग्वेनचा बिस्किट."

बिस्किट म्हणजे त्याच्या बायकोचा गिनीपिग. रविवार सकाळपासून त्याचं खुराडं रिकामं होतं आणि आज मंगळवार. ग्वेन खुब्याच्या ऑपरेशनसाठी केर्न्सच्या दवाखान्यात होती, गुरुवारी घरी यायची होती. फोनवर ती नवऱ्याच्या आधी बिस्किटची चौकशी करायची. दोन दिवस क्लिफ तिला "मजेत आहे" म्हणून थाप मारत होता.

शेजारीण नोएलीन आपल्या मार्जोरीच्या पेटीपुढे आडवी उभी राहिली. शनिवारी पेटीची काच तिच्याच हातून अर्धवट सरकलेली राहिली होती. रविवारी उजाडताना मार्जोरी व्हरांड्याखाली सापडली. हे तिनंच भाबडेपणानं क्लिफला सांगितलं होतं, आणि तेच आता अंगाशी आलं होतं. काल मार्जोरी वेटोळं करून बसलेली, त्यामुळे पोट कुणाला दिसलंच नव्हतं.

"दोन महिने ती काही खात नाहीये रे," नोएलीन म्हणाली. "उंदीर पुढे धरला की तोंड फिरवते. दिवसभर उबेच्या फरशीला चिकटून असते, अशी उताणी पडते. या हिवाळ्यात, जुलैत, अ‍ॅथर्टनहून नर आणला होता, विसरलास? तिच्या अंडाशयातून बीजं सुटतायत. मादी अशीच फुगते, एखादा दिवस. उद्यापर्यंत उतरेल. गिनीपिग असता तर आठवडाभर जागचा हलला नसता."

"वा! काय पण सबब!"

"सबब? सहा वर्षं स्थळं दाखवतेय हिला! एकेका नराला बघून बाईसाहेबांनी नाक मुरडलं. आज कुठे गाडी रुळावर आली, आणि तू निघालास तिचं पोट फाडायला!"

ती तावातावानं बोलली खरी, पण मनात पाल चुकचुकत होतीच. ती आतून खुर्ची घेऊन आली.

"बस इथे. उद्या सकाळी फुगवटा तसाच असला, तर मीच तिला बाहेर काढून तुझ्यापुढे ठेवीन."

क्लिफ बसला. फावडं त्यानं मांडीवर आडवं घेतलं.

दुपार चढत गेली. आंब्याला मोहोर आला होता आणि त्याचा जडसर वास व्हरांड्यात येऊन बसला होता. पत्र्याचं छप्पर मधूनच तडतडत होतं. मार्जोरीच्या अंगातून एक हलकी लाट जायची, फुगवट्यापर्यंत येऊन विरायची. बघता बघता डोळे जड होत. हे आपण आधी कधीतरी पाहिलंय, असं नोएलीनला उगाच वाटत राहिलं.

तिनं चहा आणला. क्लिफनं फावडं खुर्चीला टेकवलं.

"मग पुढे काय करते ती?" त्यानं बऱ्याच वेळानं विचारलं.

"तीन आठवड्यांनी कात टाकेल. मग आणखी तीनेक आठवड्यांनी अंडी. मग त्यांना वेटोळ्यात घेऊन दोन महिने बसेल, उपाशी. गारठा पडला की अंग थरथरवते आणि ऊब देते त्यांना."

"ग्वेनला आवडेल हे," क्लिफ म्हणाला. मग पेटीकडे वाकून म्हणाला, "उतरत नाहीये हं. बघ, जरासुद्धा उतरत नाहीये."

नोएलीनला त्याचा राग आला. किती आशेनं म्हणतोय मेला, असं तिला वाटलं. ऊन कलल्यावर तो घरी गेला. फावडं तिथेच राहिलं.

सकाळी नोएलीन अनवाणीच व्हरांड्यात आली. पेटीपाशी जायचा तिला धीर होईना. मग वाकून पाहिलं. मार्जोरी लांब पसरली होती. मानेपासून शेपटीपर्यंत एकसारखी, गुळगुळीत. फुगवटा नावालाही नव्हता. नोएलीननं तोंडावर हात दाबला आणि तिला रडूच फुटलं. अंडी होणार होती! सहा वर्षांनी!

पायरी वाजली. क्लिफ आला होता. तेच कपडे, दाढी वाढलेली.

"बघ!" ती ओरडली. "बघ आता नीट! आणि माफी माग तिची!"

तो काचेला नाक लावून बघत राहिला. मग त्यानं एक बोट काचेवर, काल फुगवटा होता तिथे, हळूच टेकवलं.

"थोडासा असेल ना अजून?" तो म्हणाला. "नीट बघ ना, नोएलीन. थोडासा तरी?"

नोएलीनचं हसू विरलं.

"खुराड्याची कडी मी लावली नव्हती," क्लिफ म्हणाला. "शनिवारी. रोज फोनवर बजावायची ती, कडी लाव, कडी लाव. एवढं एकच काम सांगितलं होतं मला." तो खुर्चीत बसला. "म्हटलं, सापानं खाल्लं असेल तर निदान दोष माझ्यावर येणार नाही."

नोएलीन मार्जोरीकडे वळली. ती निर्दोष आहे हे सगळ्या गल्लीला ओरडून सांगायचं तिनं कालपासून ठरवलं होतं.

"ग्वेनला सांग," ती म्हणाली, "काच मी उघडी टाकली आणि माझ्या सापानं खाल्लं."

क्लिफनं वर पाहिलं. "आणि ती फावडं घेऊन आली म्हणजे?"

"येऊ दे," नोएलीन म्हणाली. "खुर्ची आहे."