बेनोनीच्या पुढची ओळ

या मायबाप हो, जवळ सरकून बसा. पेटीचा सूर अजून हवेत आहे. वरूडकडच्या एका ख्रिस्ती घरातल्या बारशाची गोष्ट सांगतो. पवित्र शास्त्रातल्या हिब्रू नावांना अर्थ असतो, आणि त्या दिवशी एका लेकराला असंच नाव मिळायचं होतं.

त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. लेकराच्या बापानं, शांतवननं, वाळलेली संत्र्याची बाग स्वतःच तोडली. त्याच महिन्यात बाळंतपणात त्याची बायको गेली. बारशाच्या कीर्तनात बुवांनी शास्त्रातल्या राहेलची कथा लावली. बाळंतपणात मरताना राहेलनं बाळाचं नाव बेनोनी ठेवलं, म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा. “थांबा, बुवा,” शांतवन म्हणाला, “हेच नाव ठेवा.” पेटी थांबली. तोडलेल्या बागेतून फुलांचा वास आल्यासारखं वाटलं. त्याची सासू उठली. “कथा अर्धी कावून सोडता, बुवा? माही पोर गेली, तरी मी आयकून राहिली. राहेलच्या लेकराच्या बापानं काय केलं, ते गा!” बुवांनी गायलं: बापानं नाव बदलून बन्यामीन ठेवलं, उजव्या हाताचा मुलगा. तिनं जावयाचा कुऱ्हाडीनं फोड आलेला उजवा हात पाळण्यात ठेवला. “दुःख आपलं हाये, जवाईबापू. नाव लेकराचं हाये.” झोपेतच बाळानं त्याचं बोट धरलं. “बन्यामीन,” शांतवन पुटपुटला.

घरी गेल्यावर प्रार्थनेला बसाल, तेव्हा त्या लेकराच्या आईची आठवण काढा, बाप्पा. तिनं त्याला डोळे भरून पाहिलंही नव्हतं. कोणी तिचं नाव विचारलं, तर सांगा, हन्ना. हन्ना म्हणजे कृपा.