यादीत नसलेलं स्टेशन

१९५६ साली नागभीडच्या पुढच्या जंगलात मालगाडीचं एक स्टेशन खरंच आहे का, हे पाहायला रेल्वेच्या कचेरीनं मला पाठवलं. तिथे सात वर्षांपूर्वी लाकूड भरताना आपला नवरा लटारू डब्याखाली सापडून मेला, असा भागीरथाबाईचा अर्ज होता. पण आमच्या यादीत ते स्टेशनच नव्हतं. मला पाचोळ्याशिवाय काही दिसलं नाही. 'इथे स्टेशन कधीच नव्हतं,' असं मी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"टेसनच नाई, तं माहा मानूस तिथी मेला कसा, साहेब?" ती म्हणाली. "मंग मी सात सालापासून रिकाम्या कपाळानं काऊन फिरून राह्यली?"

मी कागद फायलीत ठेवून निघालो. आपण नीट पाहिलं होतं का, ही शंका मात्र मनातून जाईना. आठवड्यानं एकटाच परत गेलो, पाचोळा उकरला, तर खाली रूळ निघाले. कागद बदलतो, हे सांगायला तिच्या घरी गेलो. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"कागद नका बदलू जी," ती हात जोडून कुजबुजली.



आतून पुरुषाचा आवाज आला, "भागीरथा, मालगाडी आली काय वं?"