काळी चादर

आचल रोज सायबर कॅफेत जाऊन बसते, ही बातमी घुग्घुसच्या शेजारणींनी केसरबाईच्या कानावर घातली आणि केसरबाई भडकली.

"असं काय पाह्यते वं तू तिथी? उद्यापासून बंद!"

एम.ए.ला असलेल्या आचलने परोपरीने सांगितलं, की ती इंटरनेटवर अमेरिकेतल्या नव्या कवींना वाचते. ज्यांचं अजून एक पुस्तकही निघालं नाही, अशांना. पण आईला ते काही पटेना. शेवटी आचलने एक कविता मराठीत करून तिला ऐकवलीच.

कवयित्री कोळसा खाणीच्या गावातली होती. तिने लिहिलं होतं, की दोरीवर पांढरी चादर वाळत घातली, ट्रक गेला, चादर काळी झाली. पुन्हा धुतली, पुन्हा ट्रक गेला. आईचा जन्म यातच गेला, आणि आता तीच चादर मी पिळते आहे.

तांदूळ निवडणारे केसरबाईचे हात थांबले. कितीतरी वेळ ती दाराबाहेरच्या, कोळशाच्या ट्रकांनी काळ्या पडलेल्या रस्त्याकडे पाहत राहिली. मग तिने पदराने डोळे टिपले. आचलचा ऊर भरून आला. कविता पोहोचली होती, आणि बहुधा कॅफेही वाचला होता.

"खरंच अमेरिकेतली हाये का ही बाई?" केसरबाईने विचारलं.

"हो, आई."



"मंग तिकडबी मंत्री येनार असन तवाच रस्त्यावर पानी मारतेत का वं?"