गुळण्यांचं पाणी

शेवटची गोळी सुटली आणि दस्त्यानं मुक्ताच्या खांद्याला असा काही हिसका दिला की ती बाकासकट हलली. दुर्बिणीतून पाहिलं, तर लांबच्या कागदावर काळ्या गोलाच्या आतच भोक पडलं होतं. तिला उठून नाचावंसं वाटलं. कानांवरचे आवाज अडवणारे मफ काढून तिनं मागं वळून सासूबाईंना अंगठा दाखवला. सुधाताईंनी मफवरून शालही गच्च गुंडाळली होती. त्यांनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि आता संपलं ना, असं खुणेनंच विचारलं.

संपलं नव्हतं. खरी परीक्षा आता होती.

रायफल म्हाताऱ्या ब्रांडलसाहेबांची. महायुद्धातली, पण नळी आतून आरशासारखी. खांदा साथ देईना म्हणून ती आता कुणाच्या तरी नावावर करायचं त्यांच्या मनात होतं आणि जर्मनीतल्या इंगोलश्टाटजवळच्या त्या नेमबाजी क्लबात तिघंजण तिच्यावर टपून बसले होते. चौथी मुक्ता. तिचा परवाना नुकताच आला होता आणि जीव या रायफलीवर जडला होता. ब्रांडलनी सगळ्यांना एकच सांगून ठेवलं होतं. नेम कसा लागतो ते मी बघत नाही, धुता कशी ते बघतो.

कारण काडतुसं. ब्रांडल वापरत ती युगोस्लाव्हियाच्या लष्करातली, तो देश होता तेव्हाची. ती उडाली की नळीत मिठासारखा क्षार मागं राहतो. तो हवेतली ओल ओढून घेतो आणि बघता बघता गंज धरतो. नुसत्या तेलानं तो जात नाही. त्याला कडकडीत पाणी लागतं, तेही वेळ न घालवता. मुक्ताला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. तिची नोकरीच ती होती. मोटारींचे दरवाजे पेटीत ठेवायचे, त्यांच्यावर मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा आणि गंज कुठून फुटतो ते बघायचं.

ब्रांडल नळी धुण्यासाठीच ठेवलेली केटल आणायला गाडीकडं गेले. त्यांचे गुडघे आणि गाडी उभी केलेली जागा, दोन्हींचा विचार केला तर ते लवकर यायची चिन्हं नव्हती. बाहेर डोनाऊ नदीवरचं धुकं शेडच्या दारापर्यंत आलं होतं. एवढी ओल बघून मुक्ताला नळीत गंज चढताना दिसायलाच लागला. तेवढ्यात तिची नजर सासूबाईंच्या थर्मासवर पडली. त्या हात धुवायला गेल्या होत्या. जर्मनीत आल्यापासून गरम पाण्याचा थर्मास बरोबर घेतल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत आणि मुक्ता त्यावरून त्यांना रोज चिडवायची. आज तिनं मनातल्या मनात त्यांच्या पाया पडून घेतलं, नळीला नरसाळं लावलं आणि थर्मास रिकामा केला.

गजाला चिंधी लावून तिनं ती नळीतून ओढली. चिंधी काळी निघाली, आणि कडेनं पिवळी. जुना गंज सुटतोय. मुक्ताला आनंद मावेना. दुसरी चिंधीही पिवळी निघाली. तिसरी तर पिवळीधमक.

"अगं मुक्ता, माझं गुळण्यांचं पाणी कुठं ओतलंस?" मागून सासूबाईंचा आवाज आला. "मीठ-हळद घालून आणलं होतं गं. घसा धरलाय माझा."

मुक्ताच्या हातातला गज तिथंच थांबला. रोज मिठानं लोखंड सडवून पगार घेणारी बाई, आणि मीठ धुवायला तिनं मीठच ओतलं होतं.

सुधाताईंना चूक समजायला वेळ लागला नाही. सांगायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. आता साध्या पाण्यानं धुशीलच ना, मग त्या चिंध्या दे इकडं, पिशवीत टाकते. म्हणणं अगदी व्यवहाराचं होतं. नळीला काही होणार नव्हतं आणि कुणाला कळणारही नव्हतं. मुक्तानं चिंध्या मुठीत घट्ट धरल्या. सांगितलं तर रायफल गेली, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

दारात ब्रांडल उभे राहिले, हातात पोचे पडलेली केटल.

"ब्रांडलसाहेब," मुक्ता म्हणाली, "मी नळीत मिठाचं पाणी ओतलंय." आणि मूठ उघडली.

ब्रांडल चिंध्यांकडं बघत राहिले. मग थर्मासकडं. तू ऑफिसात करतेस तेच का, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. मुक्तानं मान हलवली. भाषा येत नसली तरी काय चाललंय ते सुधाताईंना कळत होतं. त्या पुढं झाल्या आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "तिला रागावू नका हो. घसा माझा धरलाय."

या काय म्हणाल्या, असं ब्रांडलनी विचारलं. मुक्तानं सांगितलं. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते खोकल्यातून बाहेर पडलंच. मग त्यांनी केटल विजेला जोडली.

पाणी उकळलं. नळीत ओतण्याआधी मुक्तानं झाकणात थोडं घेतलं आणि जिभेला लावलं. जीभ चांगलीच पोळली. पाणी अळणी होतं. ब्रांडल बघत होते. मग तिनं नळी धुतली, पुन्हा धुतली, कोरडी केली. चिंध्या हळूहळू पांढऱ्या निघायला लागल्या. तेलाचा हात फिरवला तेव्हा कुठं तिनं मान वर केली.

ब्रांडलनी नळी उजेडाकडं धरून आत पाहिलं, अगदी सावकाश. रायफल पेटीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मुक्तानं मन आवरलं आणि नरसाळं पुसायला घेतलं.

केटलची वायर नीट गुंडाळून ब्रांडलनी ती तिच्यापुढं धरली.

"ही तुझ्या गाडीत ठेव," ते म्हणाले. "मला आता लागायची नाही."